‘झाउंड्झ’ या जुन्या इंग्रजी उद्गाराचा अर्थ आणि मराठी संहितेतील त्याची जागा

प्रश्न : ‘संहिता, परळ’

आमचा हौशी नाट्यगट शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील निवडक प्रवेशांचे मराठी अभिवाचन बसवत आहे. पात्रांची नावे आणि स्थळे मूळचीच ठेवायची आणि भाषा तेवढी मराठी करायची असे ठरले असून संहितेचे काम माझ्याकडे आहे. पहिल्याच प्रवेशात मी एका शब्दापाशी अडले आहे. मध्यरात्री ऑथेल्लोचा कपटी हाताखालचा अधिकारी इयागो आणि त्याचा साथीदार रॉडरिगो हे ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना हिच्या वडिलांच्या, ब्रॅबँशिओच्या, घराखाली उभे राहून आरडाओरडा करतात, म्हातारा खिडकीत येतो, आणि इयागो त्याला ‘झाउंड्झ’ असे ओरडून सांगतो की महाराज, तुम्ही लुटले गेला आहात, अंगावर काहीतरी घाला. हाच शब्द पुढे इयागोच्या, ऑथेल्लोचा नायब असलेल्या कॅसिओच्या आणि खुद्द ऑथेल्लोच्याही तोंडी येतो.

इंग्रजी शब्दकोशात ‘आश्चर्य किंवा संताप दर्शविणारा जुना उद्गार’ एवढेच स्पष्टीकरण मिळाले. शाळेत शिकलेली केवलप्रयोगी अव्ययांची वर्गवारी आठवून मी तो एखाद्या खणात बसतो का हे पाहिले. तो आश्चर्यदर्शक म्हणावा तर इयागोला मुळीच आश्चर्य वाटलेले नाही, आणि तिरस्कारदर्शक म्हणावा तर पुढच्याच वाक्यात तो ब्रॅबँशिओची काळजी असल्याचा आव आणतो. गटातील काहींनी ‘अबब’, काहींनी ‘अरे देवा’ सुचवले, पण मोठ्याने वाचून पाहिल्यावर दोन्ही लुळे वाटले.

त्यात आणखी एक गोंधळ आहे. माझ्याकडे नाटकाच्या दोन प्रती आहेत. त्यांतील एक फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर घेतलेली जुनी शालेय आवृत्ती आहे. तिच्यात हा शब्द जवळजवळ कोठेच नाही, आणि दुसऱ्या प्रतीत तो ठिकठिकाणी आहे. ही मुद्रकाची काटछाट आहे की शालेय आवृत्ती म्हणून केलेले सोवळेपण आहे? मूळ शब्दाचा अर्थ काय होता, तो किती जहाल समजला जात असे, तो कोण वापरत असे, आणि आज मुंबईतल्या श्रोत्यांसमोर त्याच्या जागी काय ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : ‘जुनी इंग्रजी नाटके, माटुंगा’

तुमच्या दोन प्रतींमधील फरक मुद्रकाचा नाही. तो चारशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम अर्थ. ‘गॉड्ज वूंड्झ’, म्हणजे ‘देवाच्या जखमा’, ही मूळ शपथ आहे, आणि येथे देव म्हणजे क्रुसावर खिळलेला येशू ख्रिस्त. त्याच्या जखमांची शपथ घेऊन एखादी गोष्ट ठासून सांगणे ही मध्ययुगीन इंग्लंडमधील जुनी रीत होती. पुढे बोलताना देवाचे नाव गिळले जाऊ लागले आणि त्याच्या अखेरचा ‘स’ तेवढा पुढच्या शब्दाला चिकटून राहिला. त्यातून आधी ‘स्वूंड्झ’ आणि मग ‘झाउंड्झ’ झाले. हा आखूड शब्द 16 व्या शतकाच्या अखेरीस छापील मजकुरात दिसू लागतो. त्याची भावंडेही त्याच रीतीने जन्मली आहेत. ‘स्ब्लड’ म्हणजे देवाचे रक्त, ‘स्लिड’ म्हणजे देवाची पापणी, ‘स्नेल्झ’ म्हणजे देवाचे खिळे. नंतरच्या काळातील ‘गॅडझूक्स’ हाही बहुधा देवाच्या आकड्यांवरून, म्हणजे क्रुसाच्या खिळ्यांवरूनच आला असावा.

अशा शपथा त्या काळच्या धर्मोपदेशकांना केवळ असभ्य वाटत नव्हत्या. जो माणूस देवाच्या देहाच्या एकेका अवयवाची शपथ घेतो तो त्या देहाचे पुन्हा तुकडे करतो, अशी समजूत होती. 14 व्या शतकातील कवी चौसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील पार्डनर, म्हणजे पापमाफीची पत्रे विकणारा, आपल्या कथेत शपथा घेणाऱ्यांवर नेमका हाच आरोप करतो, आणि बकिंगहॅमशायरमधील ब्रॉटन येथील चर्चच्या भिंतीवर 15 व्या शतकातले एक चित्र आजही आहे, ज्यात शपथा घेणारे पुरुष ख्रिस्ताच्या देहाचे तोडलेले भाग हातात धरून उभे आहेत. देवाचे नाव गिळून शब्द आखूड करण्यामागे हे भय होते. शपथेचा जोर हवा असे, पण तिचे पाप नको असे.

आता तुमच्या दोन प्रतींकडे येतो. ‘ऑथेल्लो’चा प्रयोग 1604 साली पहिल्या जेम्स राजाच्या दरबारात झाल्याची नोंद आहे. त्यानंतर 1606 मध्ये इंग्लंडच्या संसदेने नटांच्या गैरवर्तनाला आळा घालणारा कायदा केला. नाटकाच्या प्रयोगात देवाचे, ख्रिस्ताचे, पवित्र आत्म्याचे किंवा त्रैक्याचे नाव थट्टेने वा अनादराने घेतल्यास प्रत्येक वेळी 10 पौंड दंड, आणि त्यातील निम्मी रक्कम तक्रार करणाऱ्याला. या रकमेचे वजन लक्षात घ्यावे. ग्लोब नाट्यगृहात अंगणात उभे राहून नाटक पाहायला एक पेनी पडत असे आणि एका पौंडात 240 पेन्स असत. म्हणजे एका शपथेपायी 2,400 उभ्या प्रेक्षकांचे पैसे जाणार. शिवाय तक्रार करणाऱ्याला बक्षीस असल्याने प्रेक्षकांतला कोणीही खबऱ्या असू शकत होता.

‘ऑथेल्लो’ प्रथम 1622 मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले गेले, ज्याला क्वार्टो म्हणतात, आणि लगेच 1623 मध्ये शेक्सपिअरच्या समग्र नाटकांच्या फोलिओमध्ये पुन्हा छापले गेले. क्वार्टोमध्ये असलेल्या पन्नासहून अधिक शपथा फोलिओत नाहीत. कायदा प्रयोगांपुरता होता, छपाईला तो लागू नव्हता. त्यामुळे ही काटछाट नाटकमंडळींच्या वहीतून आली की नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या अभिरुचीतून आली, याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. ती सर्व ठिकाणी झाली असेही नाही. ‘किंग जॉन’ हे नाटक केवळ फोलिओतूनच आपल्यापर्यंत आले आहे, तरी त्यात अनौरस पुत्र फिलिपच्या तोंडी ‘झाउंड्झ’ सुखरूप राहिला आहे. तुमची शालेय प्रत फोलिओवर आधारलेली असणार आणि दुसरीच्या संपादकाने क्वार्टोतील शपथा परत घेतलेल्या असणार.

फोलिओने हा शब्द नुसता खोडला आहे असेही नाही, काही ठिकाणी त्याच्या जागी दुसरे शब्द घातले आहेत, आणि मला तुमच्या कामासाठी हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिसऱ्या अंकात इयागो आपल्या मनातले विचार सांगायचे टाळतो तेव्हा क्वार्टोमधला ऑथेल्लो ‘झाउंड्झ’ एवढेच म्हणतो, तर फोलिओमधला ‘तुला म्हणायचे तरी काय आहे?’ असे विचारतो. हातरुमालाच्या प्रवेशात, म्हणजे ऑथेल्लो पत्नीकडे आपण दिलेला हातरुमाल मागतो तेथे, डेस्डिमोना पुन्हा पुन्हा कॅसिओची रदबदली करते तेव्हा क्वार्टोत ‘झाउंड्झ’ आहे आणि फोलिओत ‘चालती हो’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. शेवटच्या अंकात इयागो आपल्या बायकोला, एमिलियाला, गप्प करतो तेथे ‘झाउंड्झ’च्या जागी साधे ‘चल’ आले आहे. त्या काळातल्याच कोणा जाणत्या माणसाने तो उद्गार त्या त्या ठिकाणी कोणते काम करत होता हे आपल्याला लिहून ठेवले आहे. कोठे तो प्रश्न आहे, कोठे हाकलणे आहे, कोठे दटावणी आहे. म्हणून माझे मत असे की या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द शोधू नये. प्रत्येक ठिकाणी पात्राला त्या क्षणी काय करायचे आहे ते पाहावे आणि त्याप्रमाणे मराठी ठेवावी.

उत्तर : ‘ध्वनिविचार, कालिना’

उच्चाराविषयी विचारलेले नसले तरी अभिवाचन असल्याने दोन शब्द लिहितो. आजचे कोश ‘झाउंड्झ’ असा उच्चार देतात. आजच्या इंग्रजीत ‘जखम’ या अर्थाचा शब्द ‘वूंड’ असा उच्चारला जातो, त्यामुळे दोन्हींचे नाते कानाला कळत नाही. शेक्सपिअरच्या काळात मात्र या शब्दाचे ‘ग्राउंड’शी यमक जुळवलेले आढळते आणि त्याचा स्वर आजच्यासारखा स्थिर झालेला नव्हता. 1622 च्या क्वार्टोत लेखन ‘झाउन्स’ला जवळचे आहे, त्यातला ‘ड’ गायबच आहे. 17 व्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज फार्करच्या पहिल्या नाटकात तर या शब्दाच्या दोन उच्चारांवरून बोलणाऱ्याची पायरी ठरवली आहे. ‘झून्स’ म्हणणारे बेकार झालेले सैनिकी अधिकारी आणि गुंड, तर ‘झान्स’ म्हणणारे छानछोकी तरुण.

तुमच्या वाचनात कोणी मूळ शब्द प्रास्ताविकात उच्चारणार असेल तर मराठी माणसाला तो अवघड नाही. ‘झाड’मधला झ घ्यावा, ‘झेंडा’मधला घेऊ नये.

उत्तर : ‘मरोळ गावठाण’

मी ख्रिस्ती आहे, घरात मराठीच बोलतो, आणि या धाग्यात एका गोष्टीची भर घालणे मला आवश्यक वाटते. ‘देवाच्या जखमा’ हे शब्द वरच्या उत्तरांत इतिहासाचा तपशील म्हणून आले आहेत आणि ते योग्यच आहे. पण ते ऐकणाऱ्या भाविकाच्या मनात काय येते हे समजल्याशिवाय त्या शपथेचा जहालपणा समजणार नाही.

ख्रिस्ताच्या पाच जखमा, म्हणजे दोन हात, दोन पाय आणि कूस, ही कॅथलिक भक्तीतील फार जुनी आणि अतिशय जिव्हाळ्याची गोष्ट आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जी मोठी मेणबत्ती पेटवतात तिच्यावर क्रुसाच्या आकारात धुपाचे पाच दाणे बसवलेले असतात, ते या पाच जखमांचे चिन्ह असते. उपवासकाळात क्रुसाची वाट चालताना आम्ही त्याच जखमांसमोर गुडघे टेकतो. इंग्लंडमध्ये 1536 साली आठव्या हेन्रीच्या धर्मधोरणाविरुद्ध उत्तरेकडील लोकांनी जो उठाव केला त्याच्या निशाणावर याच पाच जखमा होत्या. म्हणजे शेक्सपिअरच्या आजोबांच्या पिढीत लोक या चिन्हाखाली जीव द्यायला निघाले होते. दोन पिढ्यांनंतर इंग्लंड प्रोटेस्टंट झाले, ती निशाणे गेली, आणि त्या भक्तीचा एक तुकडा दारूच्या गुत्त्यात भांडणाऱ्यांच्या तोंडी शिल्लक राहिला. मला या शब्दाकडे पाहताना हा प्रवास विसरता येत नाही.

म्हणूनच ‘अबब’ किंवा ‘बापरे’ हे मला चुकीचे वाटतात. त्यांत पवित्र असे काहीच नाही, त्यामुळे त्यांत पावित्र्याचा भंगही नाही. जेथे काही मोडलेच जात नाही तेथे श्रोता दचकणार कसा?

इयागोचे दुसरे ‘झाउंड्झ’ही पाहावे. त्याच पहिल्या प्रवेशात तो ब्रॅबँशिओला म्हणतो की सैतानाने सांगितले म्हणून देवाची सेवा करायचे नाकारणाऱ्यांपैकी तुम्ही आहात. हे वाक्य तो ख्रिस्ताच्या जखमांच्या शपथेने सुरू करतो! देवसेवेचा उपदेश करणाऱ्या वाक्याच्या आरंभीच देवाची विटंबना आहे. फोलिओत तो शब्द गेला आणि त्या जागी नुसते ‘महाराज’ राहिले, त्यामुळे त्या वाक्याचे विष निम्मे कमी झाले. येथे तरी मराठी श्रोत्याला देवाचे नाव ऐकू आले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

उत्तर : ‘विंगेतून, गिरगाव’

माटुंग्याच्या सरांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला नट म्हणून मान्य करता येत नाही. फोलिओतल्या बदलांवरून प्रत्येक ठिकाणी वेगळा मराठी शब्द ठेवला तर अर्थ पोहोचेल आणि नाटक हरवेल.

क्वार्टो नुसता वाचत न जाता त्यातल्या शपथा कोणाच्या तोंडी केव्हा येतात ते पाहावे. नाटकात इयागोच्या तोंडचा पहिलाच शब्द ‘स्ब्लड’ हा आहे. पहिल्या प्रवेशात ‘झाउंड्झ’ त्याचाच आहे. दुसऱ्या अंकात त्याने पाजलेल्या दारूने झिंगलेला कॅसिओ ‘झाउंड्झ’ म्हणत एकाच्या अंगावर धावून जातो, आणि तो दंगा मिटवायला आलेला ऑथेल्लो संयम सुटू लागताच तोच शब्द उच्चारतो. तिसऱ्या अंकात इयागो त्याच्या कानाशी लागल्यावर तो पुन्हा येतो, आणि अखेर डेस्डिमोनाच्या तोंडावर फेकला जातो. ज्या माणसाची भाषा पहिल्या अंकात समुद्रासारखी संथ आणि भव्य आहे, त्याच्या तोंडी हळूहळू इयागोचा शब्द रुजतो. हे श्रोत्याला कानाने कळायचे असेल तर सर्व ठिकाणी एकच मराठी शब्द हवा. तो बदलत राहिला तर धागाच तुटला.

मग तो शब्द कोणता? मुंबईत बहुतेकांच्या जिभेवर पहिल्यांदा ‘च्यायला’ येईल, आणि घडणीच्या दृष्टीने ते अगदी जवळचे आहे. तेथेही मूळ वाक्प्रयोगाचा आरंभ गिळला गेला, आखूड रूप उरले, आणि ते वापरणाऱ्या पुष्कळांना मुळात कोणाच्या आईचा उद्धार होत होता याचे भान राहिलेले नाही. जोरही योग्य आहे. पण त्यात मोडली जाते ती आईची मर्यादा, देवाची नाही. मरोळच्या वाचकांनी जे लिहिले ते वाचल्यावर मला तो शब्द येथे नको वाटतो.

मराठीत देवाच्या शपथांची परंपरा मोठी आहे. बेलभंडारा उचलणे, खंडोबाची आण, भवानीची शपथ हे सर्व आपल्याकडे आहे. पण ‘खंडोबाची आण’ हा उद्गार होत नाही, ते वचन होते. तो शब्द उच्चारणारा माणूस पुढे काहीतरी कबूल करणार अशी आपली अपेक्षा असते. शिवाय व्हेनिसच्या सेनापतीच्या तोंडी खंडोबा चालणार नाही. गो. ब. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिताना पात्रेच आपल्याकडची केली, त्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. तुम्ही नावे मूळचीच ठेवली आहेत.

माझा प्रस्ताव ‘शप्पथ’ असा आहे, तोही एकटा, द्वित्त ‘प’वर आघात देऊन. मुंबईच्या बोलण्यात ‘आईशप्पथ’, ‘देवाशप्पथ’ यांचे पुढचे टोक गळून हे रूप तयार झालेलेच आहे. कोणाची शपथ ते सांगितलेले नाही, तरी कोणीतरी मोठे त्यात ओढले गेले आहे हे कळते. ‘झाउंड्झ’मध्ये देव नेमका असाच गिळलेला आहे. शिवाय तिसऱ्या अंकात ऑथेल्लो आणि इयागो गुडघे टेकून सूडाची खरी शपथ घेतात. त्याआधी ‘शप्पथ’ हा शब्द फुकटात उधळला गेलेला असेल, तर त्या गुडघे टेकण्याला वेगळीच धार येईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : ‘संहिता, परळ’

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. दोन्ही प्रतींतील फरकाचा उलगडा झाला आणि कामाची दिशाही मिळाली. ‘शप्पथ’ मला पटतो, कारण तो मोठ्याने म्हटल्यावर नटाच्या छातीतून येतो. परंतु दोन शंका उरतात. आजच्या मुंबईत ‘शप्पथ’ हा महाविद्यालयीन मुलामुलींचा, बराचसा हलका उद्गार आहे. हातरुमालाच्या प्रवेशात ऑथेल्लो पत्नीवर तो शब्द फेकेल तेव्हा श्रोत्यांत हशा पिकला तर तो प्रवेश कायमचा गेला. आणि दुसरे असे की मूळ इंग्रजी ऐकणाऱ्यांनाही आज ‘झाउंड्झ’ विनोदी वाटतो, असे मी काही चर्चांत ऐकले आहे. ते खरे असेल तर आपण त्याला इतके गंभीर रूप देणे योग्य ठरते का?

उत्तर : ‘जुनी इंग्रजी नाटके, माटुंगा’

दुसरी शंका आधी घेतो. आजच्या इंग्रजी कानाला तो विनोदी वाटतो हे खरे आहे, पण त्याचे कारण शेक्सपिअर नाही, त्याच्या नंतरचे दीड-दोनशे वर्षांचे नाट्यवाङ्मय आहे.

शपथ आखूड झाली की ती शपथ राहते की नाही, हा वाद त्याच काळात राजापर्यंत पोहोचला होता. 1634 च्या जानेवारीत विल्यम डॅव्हनंटच्या ‘द विट्स’ या नाटकातील शपथा नाट्यपरीक्षक सर हेन्री हर्बर्ट यांनी कापल्या आणि तक्रार गेल्यावर पहिल्या चार्ल्स राजाने स्वतः ती संहिता त्यांच्यासोबत बसून पाहिली. राजाचे मत पडले की ‘फेथ’, ‘डेथ’, ‘स्लाइट’ ही केवळ ठासून बोलण्याची रूपे आहेत, शपथा नव्हेत. हर्बर्ट यांनी आपल्या नोंदीत लिहिले की धन्याचा निर्णय मी नम्रपणे मानतो, पण माझ्या समजुतीप्रमाणे त्या शपथाच आहेत. एकाच शब्दात एका माणसाला देवाचा अवमान ऐकू येतो आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्याला काहीच ऐकू येत नाही, अशा संधिकाळातले हे शब्द आहेत. ‘झाउंड्झ’ही त्यांतलाच एक.

पुढच्या शतकात राजाचा पक्ष जिंकला. रिचर्ड शेरिडनच्या 1775 मधील ‘द रायव्हल्स’ या सुखान्त नाटकात मुलावर संतापलेला सर अँथनी ‘झाउंड्झ’ म्हणत थयथयाट करतो आणि त्याने प्रेक्षक हसतात. त्याच नाटकातला बॉब एकर्स तर प्रसंगाला शोभेल अशा शपथा स्वतःच घडवतो, चाबूक-चाकांच्या शपथा आणि बंदुकीच्या चापाच्या शपथा. तेथे देव पूर्णपणे विरून गेला आहे. त्यानंतर हा शब्द ऐतिहासिक कादंबऱ्यांत पात्राला जुना पोशाख चढवावा तसा वापरला गेला, आणि आजचा इंग्रजी वाचक त्याला त्या पोशाखासकट ओळखतो. भाषांतरकाराने 1604 च्या श्रोत्याला काय वाटले ते पोहोचवावे, 1775 च्या श्रोत्याचे हसू पोहोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

गिरगावच्या नटांचा मुद्दा मी नाकारत नाही. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो हे त्यांनी अचूक पकडले आहे. तरीही हातरुमालाच्या प्रवेशाबाबत तुमची भीती रास्त आहे आणि तेथे फोलिओ तुम्हाला वाट देतो. ऑथेल्लोच्या आधीच्या सर्व ठिकाणी ‘शप्पथ’ ठेवा, आणि येथे त्या शब्दाला फोलिओतील शब्दाची जोड द्या. ‘शप्पथ, चालती हो!’ असे एका श्वासात आले तर हसायला वेळच मिळणार नाही.

शपथेच्या सामाजिक पायरीचाही विचार व्हावा. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात हॉटस्पर आपल्या पत्नीला चिडवतो की तू मिठायावाल्याच्या बायकोसारख्या गुळमुळीत शपथा घेतेस, सरदाराच्या पत्नीला शोभेल अशी तोंडभर शपथ घे. म्हणजे सौम्य शपथ ही दुकानदारांची आणि धार्मिक मध्यमवर्गाची खूण, आणि जहाल शपथ ही सरदारांची व सैनिकांची. ‘झाउंड्झ’ हा तलवार बाळगणाऱ्यांचा शब्द आहे, गल्लीतल्या पोरांचा नव्हे. ‘शप्पथ’ म्हणताना नटाने महाविद्यालयाच्या कट्ट्यावरचा हेल पूर्ण टाकावा आणि छावणीतला हुकमी आवाज लावावा.

उत्तर : ‘विंगेतून, गिरगाव’

‘शप्पथ, चालती हो’ उत्तम आहे, मी माझा आग्रह येथे सोडतो. कॅसिओच्या ठिकाणी मात्र जोडशब्द नको. तो झिंगलेला आहे, त्याला एकच शब्द धड उच्चारता येईल.

सायप्रसमधील अधिकारी मॉन्टानो याची ओळ वगळू नका अशी विनंती आहे. दुसऱ्या अंकातल्या दंग्यात तो कॅसिओकडून जखमी होतो आणि क्वार्टोत म्हणतो, ‘झाउंड्झ, माझे रक्त अजून वाहते आहे.’ संपूर्ण नाटकात हीच एक जागा अशी आहे जेथे त्या गिळलेल्या शब्दातल्या जखमा आणि रंगमंचावरची खरी जखम एकत्र येतात. फोलिओत उद्गार गेला आणि फक्त ‘माझे रक्त अजून वाहते आहे’ एवढे उरले.

उत्तर : ‘मरोळ गावठाण’

त्या एका ओळीत पूर्ण शपथ उघड करावी असे मी सुचवतो : ‘देवाच्या घावांची शप्पथ, रक्त थांबत नाही!’ बाकी सर्व ठिकाणी ती गिळलेली असेल आणि जखमी माणसाच्या तोंडून तेवढी एकदा पूर्ण ऐकू येईल. माझ्यासारख्या श्रोत्यालाही त्यात अनादर वाटणार नाही, कारण दुखणाऱ्या माणसाने त्या जखमांची आठवण काढणे ही आमच्याकडे प्रार्थनाच आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : ‘संहिता, परळ’

मॉन्टानोची ओळ जशीच्या तशी घेते आहे. इयागोच्या देवसेवेच्या वाक्यातही ‘देवाशप्पथ’ असे पूर्ण रूप ठेवते, म्हणजे देवाचे नाव तेथे ऐकू येईल. उरला इयागोचा पहिला शब्द, ‘स्ब्लड’. त्यालाही ‘शप्पथ’च ठेवावे की त्याचा वेगळेपणा राखावा?

उत्तर : ‘जुनी इंग्रजी नाटके, माटुंगा’

‘शप्पथ’च ठेवा. ‘स्ब्लड’ आणि ‘झाउंड्झ’ यांच्या वापरात त्या काळीही जोराचा फारसा फरक नव्हता, आणि 1606 नंतर दोन्ही एकाच कात्रीत सापडले. नाटकाचा आरंभ क्वार्टोप्रमाणेच करावा. आधी रॉडरिगोचा ‘टश’, ज्याला आपला ‘छट्’ अगदी नेमका आहे, आणि लगेच इयागोचा ‘शप्पथ’. फोलिओत हे दोन्ही उद्गार नाहीत, त्यामुळे तेथे दोन माणसे शांतपणे संभाषण सुरू करतात असे वाटते. क्वार्टोत ती आधीपासून भांडत आलेली आहेत आणि आपण मध्येच येऊन पोहोचलो आहोत.